फरसाणाचं जळकं तेल डिझेल इंजिनात चालेल का?

फरसाणवाला_कराड

नमस्कार मंडळी. कराडजवळ आमचा फरसाणाचा छोटा कारखाना आहे. शेव, पापडी, भावनगरी, केळ्याचे वेफर्स. तळण पामोलिनमध्ये, वेफर्सपुरतं सरकीचं तेल. महिन्याला शंभर-सव्वाशे लिटर तेल बाद होतं. टीपीसी (तळून तळून तेलात साठणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते पुन्हा कढईत घालता येत नाही, आणि आम्हाला घालायचंही नाही. सध्या एक जण डबे उचलून नेतो, भाव तो म्हणेल तो. आणि इकडे डिझेल नव्वदीच्या घरात.

माझ्याकडे इंजिनं तीन. २०१९ ची बोलेरो पिकअप (बीएस-४), वडिलांच्या वेळची प्यूजो इंजिनची महिंद्रा जीप, आणि कारखान्यामागे राजकोटचं साडेसहा घोड्यांचं जुनं धकधक इंजिन, त्याला पट्ट्यावर जनरेटर जोडलाय. मेहुणा म्हणतो तेल फडक्यातून गाळ आणि ओत टाकीत, परदेशात सगळे तेच करतात. मला विचारायचंय ते असं, की नुसतं गाळून खरंच चालतं का? नाहीतर घरी बायोडिझेल बनवणं परवडेल का? ज्यांनी हात काळे केलेत त्यांनीच सांगा, व्हिडिओची लिंक नको.

रस्ता_आपला

काही होत नाही, बिनधास्त घाल. आमच्याकडे एक जण जुन्या ४०७ मध्ये राजरोस घालतो. फक्त मागून वडापावच्या गाडीसारखा वास येतो, तेवढं सहन करायचं.

पंपमिस्त्री_कुपवाड

दादा, तुमची तीन इंजिनं तीन वेगळ्या जातीची आहेत, त्यामुळे उत्तरही तीन. मी डिझेल पंप आणि नोझलचं (इंजेक्टरचं इंधन फवारणारं टोक) काम करतो, पंप तपासून जुळवायचा कॅलिब्रेशन बेंच स्वतःचा आहे. तेल पाजलेली इंजिनं शेवटी आमच्याच टेबलावर येतात, त्या ४०७ चीही वाट बघतोय.

पिकअपमध्ये थेंबभरही घालू नका. ती कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जबर दाबाच्या नळीतून (रेलमधून) इंधन जातं. रेलमधला दाब हजार बारच्या कितीतरी वर, आणि इंजेक्टरच्या टोकाची भोकं ०.२ मिमीपेक्षा बारीक. ४० अंश तापमानाला डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक, खाद्यतेलाचा ३५-४०. दहापट जाड माल त्या भोकातून धुक्यासारखा फवारला जाईल ही आशाच सोडा. शिवाय फरसाणाच्या तेलात मीठ आणि पाणी असतं. खारं पाणी पंपात गेलं की गंज धरलाच. एका इंजेक्टरचा खर्च पाच आकडी, असे चार. कोणी म्हणेल पंपावरच्या डिझेलमध्येही बायोडिझेल असतं. असतं, बीआयएसनं (भारतीय मानक ब्युरो) ७ टक्क्यांपर्यंत मुभा दिलीय. पण ते प्रक्रिया केलेलं, लॅबमध्ये तपासलेलं. कढईतून थेट आलेलं नव्हे.

तेलानं नेमकं काय होतं ते सांगतो. तासगावकडचं एक पाणी उपसायचं इंजिन आलं होतं, मालकानं सोयाबीनचं तेल नुसतं गाळून घातलेलं. नोझल काढला तर टोकाभोवती कोळशाची कडक काळी कॉलर, दोन भोकं पार बुजलेली, सुई बॉडीत धरून बसलेली. कशीबशी मोकळी करून टेस्टरवर लावला. चांगला नोझल हँडल मारलं की कर्रकर्र बोलतो आणि चारी बाजूंना सारखं धुकं टाकतो. हा मुकाच. एका अंगानं धार, आणि मग टोकाशी थेंब लोंबतोय. ती धार पिस्टनच्या डोक्यावर पडते, अर्धी जळते, उरलेली लायनरच्या भिंतीवरून उतरून खाली इंजिन ऑइलमध्ये जाते. डिपस्टिक ओढली तर ऑइल गुळाच्या पाकासारखं तार धरत होतं. रिंगा खाचेत इतक्या चिकटलेल्या की आख्खा पिस्टन डिझेलमध्ये भिजत ठेवला. आणि हे सगळं होईपर्यंत मालकाच्या मते इंजिन ‘एकदम मस्त’ चालत होतं. तेलाची हीच खोड आहे, पहिले काही दिवस ते काहीच तक्रार करत नाही.

तेलातेलातही फरक आहे. जवसाचं तेल दाराला लावलं की वाळून पापुद्रा धरतं, बघितलं असेल. तो गुण आयोडीन अंकानं मोजतात. जवस १८० च्या आसपास, करडई १४०, सूर्यफूल आणि सोयाबीन १३०, सरकी शंभरीच्या थोडं वर, शेंगतेल नव्वदीत, पामोलिन साठीच्या आत, खोबरेल १० च्या आत-बाहेर. अंक मोठा तितका इंजिनात डिंक लवकर. या हिशेबात तुमचं पामोलिन बरं. पण ते थंडीत बसतं. डिसेंबरात पहाटे डब्यात पांढरं साय धरल्यागत दिसतं ना? तेच फिल्टरमध्ये झालं की इंजिन दारातच.

आता जीप. प्यूजोचं इंजिन आयडीआय, म्हणजे इंधन आधी हेडमधल्या छोट्या कोठीत पडतं आणि तिथून पेटत सिलिंडरमध्ये येतं. नोझल पिंटल, म्हणजे एकाच भोकाचा आणि त्यात पिन असलेला, १२०-१३० बारला उघडणारा. जाड तेल हा प्रकार त्यातल्या त्यात सोसतो. पण बॉनेट उघडून पंप बघा. लांबट, ओळीत प्लंजर असलेला इनलाइन असेल तर त्याचा कॅम वेगळ्या ऑइलात भिजतो. गोल रोटरी असेल तर त्याला वंगण इंधनाचंच, आणि सकाळच्या गार जाड तेलानं त्याचा ड्राइव्ह शाफ्ट तुटतो. रोटरी निघाला तर जीपचं नाव काढू नका. इनलाइन असेल तर दोन टाक्या कराव्या लागतील. डिझेलवर चालू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्यानं तेल ७०-८० अंशांवर न्यायचं, मग तेलावर घ्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर चालवून लाइन धुवायची. लांब पल्ल्याला हे ठीक. कराड-मलकापूर माल टाकायला तेल तापेपर्यंत दुकान येतं, मग कशाला तो खटाटोप.

तुमच्या कामाचं म्हणाल तर ते मागचं धकधक इंजिन. ६५० आरपीएम, जाडजूड धातू, इंधन जळायला भरपूर वेळ. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं हे सगळे ऐकवतात. खरं आहे, पण ते इंजिन या जातीचं होतं, तुमच्या पिकअपच्या नव्हे. कर्नाटकातही खेड्यांत करंजाच्या तेलावर जनरेटर चालवलेत.

प्रयोगवही

मिस्त्री, सुरेख सांगितलंत. इंजिनाचं झालं, मी डब्यातलं सांगते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

बायोडिझेल म्हणजे तेलाच्या रेणूतलं ग्लिसरीन बाजूला काढून तिथे मिथेनॉल जोडायचं. घट्टपणा ४-५ सेंटिस्टोकवर येतो, म्हणजे डिझेलच्या जवळ. १ लिटर तेलाला साधारण २०० मिली मिथेनॉल. ताज्या तेलाला ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो, पण जळक्या तेलात मोकळी आम्लं असतात, ती आधी कॉस्टिक खातात. म्हणून टायट्रेशन हवं. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि लिटरभर पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक घातलेलं द्रावण थेंबथेंब सोडा. रंग बदलायला फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर हळदही चालते, पिवळ्याची लाल होते. सांगलीच्या शेजारी राहून हळदीला कमी नाही! जितके मिली लागले तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटरला जादा. पाच-सहाच्या वर गेलं तर ते तेल सोडून द्या, हाती साबणच येईल.

त्याआधी पाणी घालवायचं. तडतड थांबेपर्यंत तापवायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग गार करून ५५ अंशांवर प्रक्रिया. मिथेनॉल ६५ अंशांच्या आत उकळतं, त्यामुळे याच्या वर जायचं नाही आणि जाळ तर जवळपासही नको. रात्रभर ठेवलं की खाली गडद ग्लिसरीन बसतं, ते काढून वरचं पाण्यानं हळूहळू धुवायचं, मग सुकवायचं. झालं की नाही हे बघायला २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाका. खाली थेंब बसला तर कच्चं तेल शिल्लक आहे.

पण फरसाणाच्या कारखान्यात हे करू नका, हे मी अगदी ठासून सांगते. मिथेनॉल विष आहे, कातडीतूनही अंगात जातं, डोळे जातात. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही, आणि तुमच्याकडे चोवीस तास भट्ट्या पेटलेल्या. ते परवान्याशिवाय ठेवताही येत नाही. शंभर लिटर तेलाला वीस लिटर मिथेनॉल आणायचं कुठून, ठेवायचं कुठे? खाली उरलेलं ग्लिसरीनही साधं नसतं, त्यात मिथेनॉल, साबण, कॉस्टिक सगळं असतं. ते गटारात सोडलं तर शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं.

ब्रिस्टलकर

मेहुण्याच्या ‘परदेशात सगळे’बद्दल थोडंसं. ब्रिटनमध्ये २००७ पासून वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असं इंधन केलं तर इंधनकर नाही, त्यामुळे घरी करणारे बरेच होते. त्याआधी, २००२ मध्ये, साउथ वेल्समध्ये लोक दुकानातलं खाद्यतेल सरळ टाकीत ओतायला लागले, तेव्हा पोलीस एक्झॉस्टचा वास घेत गाड्या अडवायचे, कारण कर बुडत होता! माझा शेजारी जुन्या व्हॅनमध्ये अजून घालतो. त्यानं नवी गाडी घेतली, तिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, तिच्यात मात्र पंपावरचंच डिझेल.

बांधावरचा

यावरून मोगली एरंड (जट्रोफा) आठवला. २००३ च्या सुमाराला काय ती हवा होती! पडीक जमिनीत लावा, पाणी नको, बियांतून डिझेल काढा. २००२ च्या शेवटी दिल्ली-अमृतसर शताब्दीला ५ टक्के बायोडिझेल घालून चालवली, ती बातमी तर वडिलांनी कापून ठेवली होती. पाण्याशिवाय झाड जगतं हे खरं, पण बी धरत नाही हे कोणी सांगितलं नाही. आमच्या बांधावर अजून उभा आहे. शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

फरसाणवाला_कराड

सगळ्यांचे आभार. ताई, मिथेनॉलचा विषय बंद, घरात लहान मुलं आहेत. मिस्त्री, जीपचा पंप गोलच निघाला. तेव्हा उरलं मागचं इंजिन. लोडशेडिंगला दिवसातून दोनेक तास चालतं, त्यात फार तेल संपणार नाही. उरलेल्याचं काय करू? आणि इंजिनाला द्यायचं तर कसं?

पंपमिस्त्री_कुपवाड

उरलेलं विकाच, फक्त माणूस बदला. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा खातं) ‘रुको’ या वापरलेलं तेल गोळा करायच्या योजनेत, २०१८ पासून आहे ती, नोंदलेले तेल गोळा करणारे आहेत. दोघा-तिघांकडून भाव काढा आणि पावती घ्या. बिगरनोंदीचा माणूस ते तेल कुठल्या गाड्यावर भजी तळायला नेतोय हे आपल्याला कळत नाही. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरत असाल तर वहीही ठेवावी लागते, ते बघून घ्या. आणि तेलाच्या बदल्यात ‘बायोडिझेल’ स्वस्तात देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या नावाखाली काय काय विकलं जातं ते मी फिल्टर कापून बघितलंय.

इंजिनाचं असं करा. सरकीचं तेल वेगळं ठेवा, ते विकायचं. पामोलिन पंधरा दिवस डब्यात बसू द्या, वरचंच घ्या, तळाचं ढवळू नका. तडतड थांबेपर्यंत तापवा, कोमट झालं की ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. फडकं पुरत नाही. सुरुवातीला चार भाग डिझेल, एक भाग तेल. तेलाची छोटी टाकी सायलेन्सरच्या वरच्या अंगाला बसवा, पण पाइपला चिकटवून नको, वितभर अंतर ठेवा. चालू डिझेलवर, बंदही डिझेलवर, पाच-दहा मिनिटं. लोड नसताना तेलावर अजिबात ठेवू नका. रिकामं फिरणारं इंजिन गार असतं आणि कोळसा तिथेच धरतो. सगळे लाइट, पीठ मळायचं मशीन, जे असेल ते लावा. इंजिन ऑइल निम्म्या तासांवर बदला आणि दर आठवड्याला डिपस्टिकचं ऑइल दोन बोटांत घेऊन बघा. तार धरलं की लगेच थांबायचं, उद्यावर नाही.

सुरू करण्याआधी नोझल एकदा घेऊन या. किती बारला उघडतो ते टेस्टरवर बघून तुमच्या वहीत लिहून देतो. दोन महिन्यांनी परत आणा, म्हणजे फरक आकड्यात दिसेल. नोझल परत बसवताना वॉशर जुना वापरू नका, तांब्याचा नवा टाका.