तलावपाळीचं चर्च आणि जुनं ठाणं: अर्ध्या दिवसात कसं दाखवावं?

नौपाडकर
वसईहून वीसेक जणांचा गट येतोय, बहुतेक साठीच्या पुढचे. सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च दाखवायचंच आहे. त्याच्या आसपास आणखी काय घ्यावं, कोणत्या क्रमाने? किल्ला आतून बघता येतो का? आणि 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या ख्रिस्ती पंथातले) साधू मारले गेले ते याच चर्चमध्ये, असं आमच्या पत्रकात छापलंय. चालेल ना?

चेंदणीवाला
पत्रक आधी दुरुस्त करा. पोर्तुगीजांना वसई आणि साष्टी (ठाणं ज्यावर आहे ते बेट) मिळाली 1534 च्या तहाने. 1321 ला हे चर्च कुठून असणार? चर्च फ्रान्सिस्कनांचं आणि हुतात्मेही फ्रान्सिस्कन, म्हणून दोन्ही गोष्टींची खिचडी होते. चौघांची नावं: तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, तिफ्लिसचे दिमित्री. पुढचा भाग तुमच्या वसईकरांना जास्त जवळचा वाटेल. जॉर्डन या डोमिनिकन (दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथातल्या) साधूने त्यांना वसईजवळच्या सोपाऱ्याला पुरलं आणि नंतर ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी पार चीनपर्यंत नेल्या.

टेंभीनाका
क्रम असा ठेवा: स्टेशन पश्चिम, जांभळी नाका, कोपिनेश्वर मंदिर, तलावपाळीला चर्च, टेंभी नाक्याचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), शेवटी किल्ल्याची म्हणजे तुरुंगाकडची बाजू. सगळं पायी होतं. जांभळी नाक्याचा बाजार भरायच्या आत पार करा, नाहीतर वीस जणांची रांग हातगाड्यांत तुटते आणि निम्मे लोक हरवतात. सोमवार टाळा, कोपिनेश्वरला गर्दी असते. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थना), शनिवारी सिनेगॉगमध्ये शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस). राहिले मंगळवार ते शुक्रवार.

सिनेगॉग (शाआर हशामाइम, 1879, बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं) आयत्या वेळी उघडून मिळत नाही. आधी विचारा, सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा, पुरुषांना डोकं झाकायला रुमाल सांगा. चर्चमध्येही आधी ऑफिसात कळवा. लग्न किंवा अंत्यविधी असला तर गट आत घेता येत नाही.

चेंदणीवाला
किल्ला विसरा, तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. बाहेरूनच बघायचा आणि मोबाइल खिशात ठेवायचा. तटाचे फोटो काढायला गेलात तर पहारेकरी हटकणारच. मात्र सांगण्यासारखं तिथेच सगळ्यात जास्त आहे. पोर्तुगीजांचं बांधकाम पुरं व्हायच्या आत 1737 ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, 1774 च्या डिसेंबरात ते इंग्रजांकडे गेलं. 1816 मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथल्या कैदेतून निसटले. 19 एप्रिल 1910 ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना इथेच फाशी झाली. हे ऐकवायला सावलीची जागा आधीच हेरून ठेवा, रस्त्याच्या कडेला उभं राहून म्हाताऱ्या माणसांना काही ऐकू येत नाही.

घोडबंदर_रोड
ठाणं बेटावर आहे हे लोकांना पटतच नाही. परतताना पूर्वेला खाडीकडे न्या. समोरचं कळवा मुख्य भूमीवर, आपण उभे ते साष्टीवर. 16 एप्रिल 1853 ची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतच आली. खाडीवर पूल झाल्यावर 1854 ला ती कल्याणला पोचली. भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला नुसता चिखल आणि वास.

नौपाडकर
पत्रक परत छापायला टाकतो. गुरुवार ठरवलाय, सिनेगॉगला उद्याच विचारतो.