सासूबाई चिपळूणहून येणार, दीर किचनमध्ये, घर वन बीएचके. कोणाला कुठे ठेवू?

डोंबिवलीची_सून
नमस्कार मंडळी, लांबण लावतेय, सांभाळून घ्या. आमचं डोंबिवलीत वन बीएचके, त्यात मी, नवरा, बारावीतला मुलगा आणि २७ वर्षांचा दीर. दिराचा क्लायंट अमेरिकेतला, हॉलमध्ये मुलाचा अभ्यास, म्हणून हा रात्री साडेबारापर्यंत किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने कॉल घेतो, बाजूला माझं विरजण लावलेलं पातेलं. सासूबाई ६६ च्या, सासरे गेल्यापासून चिपळूणला एकट्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा दोन महिने इकडे होत्या, चिखल निघाला तशा दिव्याहून सावंतवाडी गाडी धरून परत. भिंतीवरची पाण्याची रेघ अजून आहे, रंग लावू देत नाहीत. आता गुडघ्याचं ऑपरेशन इकडे करायचं ठरलंय. नवरा म्हणतो आईला कायमचीच आणू, तिकडचं घर विकू आणि टू बीएचके बघू. दीर म्हणतो मी भाड्याने वेगळा राहतो. तर सासूबाई फोनवर रडल्या, लग्नाआधी पोरगा वेगळा झाला तर लोक म्हणतील वहिनीने काढला. म्हणजे फिरून फिरून माझ्यावरच ना! काय करू सांगा.

ठाणेकर_४५
ताई, दिराला तुमच्याच सोसायटीत वन आरके बघा. माझे आईबाबा ८ वर्षं आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्याला भाड्याने राहतायत, डबा वरून खाली जातो, पेपर खालून वर येतो, आणि भांडण झालं तर दोघांनाही दार लावून बसायला आपापलं दार आहे. फक्त भाडेकरार रजिस्टर करून घ्या, ती जबाबदारी कायद्याने मालकाची असते पण मालक टाळतात. आणि बॅचलर नको म्हणून कमिटी नाटकं करेल, तेव्हा करारात नवऱ्याचंही नाव घाला म्हणजे तोंड बंद.

जुना_गिरगावकर
आमच्या वेळी दहा बाय दहात आठ जण राहायचो, कोणाला काही अडलं नाही. तुम्हाला आता वन बीएचके पुरत नाही.

पीजीवाला_हिंजवडी
काका, पुरुष मंडळी गॅलरीत आणि जिन्याखाली झोपायची तेही सांगा की 😄 आणि बायका पहाटे कधी उठायच्या तेही.
ताई मी २६ चा, दिराच्या बाजूने बोलतो. मी पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं, माझी जागा म्हणजे पलंग आणि त्याखालची सुटकेस. पण आई सगळ्यांना कौतुकाने सांगते मुलगा पुण्यात असतो. हाच मी जर आमच्या कोल्हापुरातच दोन गल्ल्या सोडून खोली घेतली असती तर घर फुटलं म्हणून मामा मध्यस्थीला आला असता. नोकरीसाठी बाहेर राहिलं की चालतं, त्याच गावात राहिलं की बोंब. त्याला जाऊ द्या. ओट्यावर उभं राहून कॉल घेणारा माणूस किती दिवस टिकणार?

सांगलीच्या_काकू
अगं बाळ, मी ७० ची, तुझ्या सासूच्या बाजूने लिहिते. घर विकू नका. मी विकलं. मग चार महिने थोरल्याकडे, चार धाकट्याकडे, चार लेकीकडे अशी पाळी लागली. कोणी वाईट वागलं नाही हो, कपाटात खण दिला, पण मीच कपडे लावले नाहीत, बॅग दिवाणाखाली तशीच भरलेली. पाहुण्यासारखं विचारून चहा टाकायचा. शेवटी गेल्या वर्षी सांगलीतच दोन खोल्या भाड्याने घेतल्या. कुलपाची किल्ली कमरेला लागली तेव्हा झोप आली.
आणि ते घर नक्की कोणाच्या नावावर आहे ते बघा. सासऱ्यांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर सासूबाई आणि सगळी मुलंमुली यांचा सारखा हिस्सा लागतो, तुझा नवरा एकटा ठरवणारा कोण? तिच्या नावावर असेल तर बक्षीसपत्राची घाई करू देऊ नका. मुलाला राहतं घर द्यायला मुद्रांक २०० रुपयेच लागतो म्हणून लोक पटकन करून टाकतात. करायचंच तर सांभाळ करण्याची अट त्यातच लिहून घ्या, मग २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अट नसली की वांधे होतात. पण मुळात तिला विचारलंत का?

डोंबिवलीची_सून
काकू, खरं सांगते, नव्हतं विचारलं. काल केला फोन. आधी गप्पच, मग म्हणाल्या अगं ऑपरेशनला येते की, पण गणपतीला मी घरी पाहिजे, आणि घर विकायचं कोणी काढलं? नवऱ्याने लगेच टीव्हीचा आवाज वाढवला. घर सासऱ्यांच्याच नावावर आहे म्हणे, म्हणजे नणंदेचाही हिस्सा आला, तिला तर यातलं काहीच माहीत नाही. दिराला बी विंगमध्ये रूम मिळतेय, जेवण इकडेच. सासूबाईंना सांगितलं ऑफिसची रूम आहे, त्यांनी तसंच शेजारी सांगितलंय 😅
आता कमोडची खुर्ची भाड्याने मिळते की विकतच घ्यावी लागते? डोंबिवली पूर्वेला कोणाला माहीत असेल तर सांगा.

ठाणेकर_४५
मिळते भाड्याने, हॉस्पिटलजवळच्या सर्जिकलच्या दुकानात विचारा, डिपॉझिट घेतात. वॉकर मात्र विकतच घ्या.