मदत हवी आहे: अपुऱ्या दिवसांच्या बाळाची डोळ्यांची तपासणी जळगाव-धुळ्यात कुठे होते?

नमस्कार. माझ्या भाचीची प्रसूती ३१व्या आठवड्यातच झाली आणि बाळाचे वजन १३५० ग्रॅम भरले. नवजात शिशु अतिदक्षता कक्षात २२ दिवस, त्यांतले बरेच प्राणवायूवर, काढून बाळ काल चोपड्याला घरी आले. आता आई आणि आजी आळीपाळीने त्याला उघड्या छातीशी धरून, वरून जुन्या लुगड्याने बांधून ऊब देतात.

मात्र डिस्चार्ज कार्डाच्या कोपऱ्यात 'आरओपी तपासणी, ३० दिवसांच्या आत' एवढेच लिहिले आहे (आरओपी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, विकार). कुठे आणि कोणाकडे, हे कोणीच सांगितले नाही. अशा बाळांच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या पुरत्या वाढलेल्या नसतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्यास दृष्टी जाऊ शकते आणि बाहेरून डोळा निरोगीच दिसतो, म्हणून मुदत चुकवायची नाही. (सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढू नका, असा घरात आग्रह आहे, त्यांची समजूत मी घालीन.)

बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासणारे आणि गरज पडल्यास लेझर उपचारही करणारे नेत्रतज्ज्ञ जळगाव किंवा धुळ्यात कोणत्या वारी भेटतात, की थेट नाशिक गाठावे लागेल? ज्यांनी आपल्या बाळाची ही तपासणी करून घेतली आहे, त्यांनी कृपया तपासणीआधी दूध किती वेळ बंद ठेवले, तेही कळवावे.