‘टेक्निकल डेट’ला ऋण म्हणावे की कर्ज?

विचारणा : नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांसाठी मराठीतून टिपणे लिहिताना ‘टेक्निकल डेट’, ‘कोड स्मेल’ आणि ‘स्पॅगेटी कोड’ हे प्रोग्रामरांच्या बोलीतून आलेले तीन शब्द अडले आहेत. ‘तांत्रिक ऋण’, ‘कोडचा दुर्गंध’ आणि ‘शेवया कोड’ असे पर्याय सुचले, परंतु त्यांनी समाधान होत नाही. जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

उत्तर : ‘ऋण’ मला मुळीच मान्य नाही. ‘टेक्निकल डेट’ ही उपमा अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये, गुंतवणुकीचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अनुभवाविषयी लिहिताना वापरली. पहिल्या खेपेचा कोड ग्राहकाच्या हाती देणे म्हणजे कर्ज काढणे. ते वेळेवर फेडले तर कामाला वेगच येतो, परंतु पुनर्लेखन लांबणीवर पडले की त्या अपुऱ्या कोडपायी खर्च होणारे प्रत्येक मिनिट व्याजात जमा होते, असा त्यांचा आशय होता. उपमेचा सारा जीव व्याजात आहे. मराठीत ऋण मानायचे असते. पितृऋण, ऋषिऋण यांवर कोणी व्याज आकारत नाही, उलट आभार मानताना ‘आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ असे आपण मनापासून म्हणतो. ‘उसनवारी’ हा घरगुती आणि गोड शब्द आहे, पण शेजारून आणलेली वाटीभर साखर तेवढीच परत करायची असते. हप्ता थकतो आणि व्याज चढते ते कर्जाचेच.

मात्र ‘तांत्रिक कर्ज’ म्हटले की यंत्रसामग्रीसाठी बँकेतून काढलेले कर्ज डोळ्यांपुढे येते. घरावर किंवा शेतीवर कर्ज असते, तसे ‘कोडवरचे कर्ज’ म्हणावे. गबाळ्या कोडला सरसकट हे नाव देऊ नये, कारण तसे कनिंगहॅम यांना अभिप्रेतच नव्हते आणि त्यांनी पुढे ते स्पष्टही केले. त्या वेळच्या समजुतीनुसार नीट लिहिलेला कोड समज वाढल्यावर अपुरा ठरतो, आणि कर्ज असते ते या दोहोंमधील अंतराचे.

‘स्पॅगेटी’साठी शेवया नकोत, आपल्याकडे शेवयांची खीर होते, तक्रार होत नाही. ‘गोटू’ (GOTO, म्हणजे ‘अमुक ओळीवर जा’ ही आज्ञा) हिच्या उड्यांनी ज्याचा ओघ कुठून कुठे जातो ते कळेनासे होते, त्या कोडला ‘गुंतवळ’ म्हणावे. विंचरताना फणीत अडकलेल्या केसांच्या पुंजक्यातून एक केस ओढून पाहणाऱ्याला निराळे स्पष्टीकरण लागणार नाही.

विचारणा : आभारी आहे. ‘कोड स्मेल’साठी ‘इथे पाणी मुरते आहे’ ही म्हणीसारखी रूढ झालेली उक्ती कशी वाटते?

उत्तर : अर्थाने ती फार जवळची आहे, तरीही मी ती टाळीन. प्रोग्रामर केंट बेक यांनी घडवलेला आणि सॉफ्टवेअर-लेखक मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकातून रूढ झालेला हा शब्द दोषारोपाचा नाही. त्या पुस्तकातील संबंधित प्रकरणाच्या आरंभी बालसंगोपनाविषयी ‘ग्रँडमा बेक’ (बेक आजी) यांचे वचन आहे, आणि वास आला की बदला, एवढाच त्याचा आशय आहे. वास ही वरवर जाणवणारी खूण असते. आत दोष असेलच असे नाही, पण पाहायला हवे. ‘दुर्गंध’ म्हटले की निकालच लागतो. ‘पाणी मुरते आहे’ म्हटले की कोणाच्या तरी लबाडीचा संशय व्यक्त होतो, आणि सहकाऱ्याचा कोड तपासताना तो त्याच्या जिव्हारी लागेल.

त्याच कल्पनेतला ‘ओल’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो. ओल एका भिंतीवर दिसते, गळती बहुधा दुसरीकडे असते, आणि पोपडे खरवडून नुसता रंग दिला तर पुढच्या पावसात डाग तिथेच उमटतो. चारशे ओळींचे एकच फंक्शन किंवा तीन ठिकाणी उतरवलेले एकच सूत्र दिसले, तर ‘या भागात ओल आहे’ असे लिहिता येते. ते वाचून कोड लिहिणारा दुखावत नाही आणि गळती कुठे आहे ते शोधायला लागतो.