मदत हवी आहे: गाईच्या एकाच सडाला तिसऱ्यांदा दगडी (कासदाह)

नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यात आमच्या सात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत, धार मशीनने काढतो. तिसऱ्या वेताच्या एका गाईला मागच्या डाव्या सडात दोन महिन्यांत तिसऱ्यांदा दगडी झालीय. सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या की आठ-दहा दिवस दूध साफ येतं, मग पहिल्या धारेत परत गाठी. बाकीचे सड वरून ठणठणीत, पण सीएमटी (दुधात द्रावण मिसळून छुपी दगडी ओळखायची चाचणी) केली तर मागच्या उजव्याचंही दूध जेलीसारखं घट्ट झालं. म्हणजे छुपी दगडी तिथेही आहेच.

धारेनंतर सड आयोडीनमध्ये बुडवतो, लगेच वैरण टाकतो, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत ती बसत नाही. पण खरं सांगतो, परवापर्यंत कास पुसायला सातही गाईंना एकच फडकं होतं. (आई वर्षभर ओरडत होती!) आता प्रत्येकीचं वेगळं केलंय, आणि हिची धार सगळ्यांत शेवटी.

आता दूध लॅबला देऊन कोणतं औषध लागू पडतं ते बघायचंय. ट्यूब बंद केल्यावर किती दिवसांनी नमुना घेता? मशीनचे सडांवर बसणारे रबरी लायनर कधी बदलता? आणि गाय सात महिन्यांची गाभण आहे. विण्याआधी दूध आटवताना चारही सडांत भाकडकाळाची (दूध बंद असतानाची) ट्यूब सोडून कुणाची अशी जुनी दगडी गेलीय का?