प्रतिसाद: जेटफायरवरचं पतंगासारखं चिन्ह आणि पिवळेपणा

तुम्ही विचारलंत की जेटफायर या जुन्या ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यावर दुसऱ्याच मालिकेचं चिन्ह आहे, तर ते नकली का, आणि त्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिकचा पिवळेपणा कसा घालवायचा. पंखावर मॅक्रॉस या जपानी ॲनिमे मालिकेचं पतंगासारखं चिन्ह आहे म्हणून १९८५चा जेटफायर नकली ठरत नाही. उलट तो सुरुवातीच्या मालातला असू शकतो. मूळ साचा ताकातोकू टॉइज कंपनीचा, मॅक्रॉसमधल्या व्हीएफ-१ वाल्किरी विमानाचा, १/५५ मापाचा. ताकातोकू बुडाल्यावर साचे बांदाई या दुसऱ्या जपानी खेळणी कंपनीकडे गेले. ट्रान्सफॉर्मर्स विकणाऱ्या अमेरिकी हॅस्ब्रोने खेळणं तिथून घेतलं, पण बांदाई ही हॅस्ब्रोची जपानी भागीदार ताकारा हिची स्पर्धक, म्हणून ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टूनमध्ये त्याचं रूप आणि नाव दोन्ही बदलून स्कायफायर झालं. इतका देखणा साचा त्या कार्टूनमध्ये आलाच नाही, याची हळहळ वाटतेच.

आता पिवळेपणा. केसांसाठी मिळणारं १२ टक्क्यांचं क्रीम पेरॉक्साइड चालतं, पण आधी चिलखताचे सुटे भाग काढा आणि पांढरे भाग शक्य तितके वेगळे करा. पायांचे काही भाग धातूचे आहेत. तिथे पेरॉक्साइड झिरपलं तर गंज धरतो. स्टिकर्सवर तर लावूच नका. क्रीम सारखं पसरून वर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक) घट्ट गुंडाळा, कोवळ्या उन्हात ठेवा, तासाभराने फिरवून पुन्हा लावा. फिल्मखाली हवेचे बुडबुडे राहिले किंवा क्रीम वाळलं की पांढुरके पट्टे उमटतात आणि ते सहज जात नाहीत. दुपारचं ऊन टाळा, पातळ भाग वाकतात.

पिवळेपणा कालांतराने परत येतो, त्यामुळे नंतर खिडकीपासून लांबच ठेवा. आणि पाठीवरचे बूस्टर ओढून काढू नका; जुनं प्लॅस्टिक आहे, खाचेतून हळूच सोडवा.