शब्दचर्चा : दहशतवादी, आतंकवादी की अतिरेकी?

परभणीकर : भाची नववीत आहे. निबंधात तिनं सगळीकडं 'आतंकवाद' लिहिलं, सरांनी तांबड्या शाईनं खोडून 'दहशतवाद' केलं. ती म्हणते, मामा, टीव्हीवर तर आतंकवादच म्हणतात. फरक काय सांगू? आणि आमच्या लहानपणी पंजाबच्या बातम्यांत 'अतिरेकी' असायचे, ते कुठं गेले?

औंढेकर : 'दहशत' मूळ अरबी, पण अरबीत तिचा अर्थ आश्चर्य, थक्क होणं असा. फारसी-उर्दूतून येताना तिची भीती झाली. 'आतंक' संस्कृत. चरकाच्या आयुर्वेदाच्या ग्रंथात, निदानस्थानात, तो रोगाच्या पर्यायी शब्दांत ज्वर, विकार यांच्या रांगेत बसलाय, आणि माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथावरच्या एका टीकेचं नावच 'आतंकदर्पण'. 'आतंकवाद' आपल्याकडं आला तो हिंदी वाहिन्यांवरून.

'अतिरेकी' वेगळा. त्यात माप ओलांडल्याची तक्रार आहे, म्हणजे मागणी एक वेळ ठीक, पण माणूस हाताबाहेर गेलाय. 'दहशतवादी'मध्ये मागणीचा विचारच नाही, फक्त रीत.

लातूरचा वाचक : शब्द कोणता निवडला यावर पुढं काय घडतं ते ठरतं. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला, तेव्हा अमेरिकेनं त्याला गुन्हा मानलं. तपास, अटक, खटला, शिक्षा. 11 सप्टेंबर 2001 ला 19 जणांनी चार विमानं पळवली, सुमारे तीन हजार माणसं मेली, आणि या वेळी शब्द निघाला 'युद्ध'. दुसऱ्याच दिवशी नाटो या लष्करी गटानं आपलं कलम 5, म्हणजे एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, इतिहासात पहिल्यांदा लागू केलं, 7 ऑक्टोबरला अफगाणिस्तानावर बॉम्ब पडू लागले. 2003 मध्ये त्याच शब्दाच्या आडोशानं इराकवरही स्वारी झाली, ज्याचा त्या विमानांशी संबंध नव्हता.

'दहशतवादाविरुद्ध युद्ध' हे मला तर व्याकरणातच खटकतं. युद्ध शत्रूशी होतं. रीतीशी युद्ध पुकारलं तर तहावर सही कोण करणार? ग्वांटानामोच्या अमेरिकी तुरुंगात नेलेल्यांना 'युद्धकैदी'सुद्धा म्हटलं नाही, 'बेकायदा लढवय्ये' म्हटलं, कारण युद्धकैद्याला जिनिव्हा कराराचे हक्क द्यावे लागतात. म्हणजे युद्ध आहे, पण कैदी युद्धाचे नाहीत!

नांदेडहून : जाता जाता. 9/11 आपण वाचलं तर 9 नोव्हेंबर होतं, त्यांच्याकडं महिना आधी. तरी 26/11 म्हणायची रीत तिकडूनच आली. त्याआधी 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांना आपण नुसतं 'मुंबई बॉम्बस्फोट' म्हणत होतो. आकडा कुणी घातला नव्हता.

औंढेकर : लांब कशाला जायचं, आपला 'रझाकार' घ्या. रझा म्हणजे मर्जी, खुशी. रझाकार म्हणजे स्वखुशीनं काम करणारा, स्वयंसेवक. पाकिस्तानात आजही पूर आला की मदतीला 'रझाकार' धावतात. बांगलादेशात 1971 नंतर तोच शब्द देशद्रोह्याची शिवी झाला. आणि आपल्याकडं? निजामाच्या राज्यात त्याच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या म्हणजे रझाकार. आमची आजी नव्वदीला टेकली होती. भर दुपारी कुणी दार जोरानं वाजवलं की हातातलं सूप खाली ठेवायची आणि विचारायची, "काय रझाकार आलेत का रं?" पोस्टमन असायचा.

दुसरा शब्द 'पोलीस ॲक्शन'. 13 सप्टेंबर 1948 ला भारताची फौज रणगाडे घेऊन हैदराबाद संस्थानात शिरली, पाच दिवसांत निजाम शरण आला. पोलीस कुठं होते त्यात? पण निजामानं प्रकरण सुरक्षा परिषदेत नेलं होतं. लढाई म्हटलं असतं तर दोन देशांची झाली असती, पोलीस म्हटलं की घरातली बाब. अमेरिकेनं गुन्ह्याला युद्ध म्हटलं, दिल्लीनं युद्धाला पोलिसी काम.

लातूरचा वाचक : म्हणूनच व्याख्या ठरत नाही. दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा भारतानं 1996 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडला. तो अजून अडलेलाच आहे. मुक्तीसाठी लढणारे यात धरायचे का, ही मोठी अडचण. आपल्याच लोकांनी 1948 मध्ये उमरीची बँक लुटली, आपण तिला मुक्तिसंग्रामात मोजतो. निजामाच्या ठाणेदारानं त्या दिवशी कोणता शब्द लिहिला असेल?

परभणीकर : एवढं सगळं भाचीला कसं सांगू? सरांनी खोडलं ते बरोबर का, तेवढं सांगा.

औंढेकर : मराठीत रुळलेला शब्द दहशतवादच. पण आतंकवादही चूक नाही. गुण किती कापले?

परभणीकर : अर्धा.

औंढेकर : मागून घ्या.